हिरव्या गाडीची लिंबं

आमच्या नालवाडीतल्या घरापुढं एक गाडी उभी आहे. गडद हिरवी, दोन सीटची, टप उघडणारी, जमिनीला पोट टेकल्यासारखी बसकी. रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढतात. कोणी विचारतं, "काकू, विकायची हाय का?" मी दार लावून घेते. माझा स्वभाव आधीपासूनच तापट आहे. शाळेत शिकवायची तेव्हा पोरं मला पाहून वाट बदलायची, त्यात या गाडीनं भर घातली.

गाडी माझ्या नवऱ्याची. म्हणजे स्वप्न त्यांचं. हिंगणघाटला लहानपण गेलं तेव्हा गिरणीच्या मालकाकडं अशीच एक गाडी होती, आणि ती संध्याकाळी नदीकडं फिरायला निघाली की हे रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. आयुष्यभर सरकारी ऑफिसात कारकुनी केली, स्कूटर चालवली, मग एक जुनी छोटी कार घेतली, पण डोक्यातून ती हिरवी गाडी काही गेली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याजवळ मन मोकळं केलं ते या गाडीबद्दल. मला वाटलं होतं, काहीतरी प्रेमाचं बोलतील. बोलले काय, तर दोन कार्बोरेटरबद्दल!

दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं पाऊल अडखळायला लागलं. चप्पल निसटायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नसांचं दुखणं, उपाय नाही, आधी पाय जातील, मग हात, मग बाकीचं. मी तिथंच रडायला बसले. हे मात्र डॉक्टरांना विचारत होते, "डावा पाय किती दिवस चालंल? क्लच दाबता येईल इतका?" डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी यायला हरकत नाही.

घरी येताना बसमध्ये म्हणाले, "आता घेतो."

मी काय ते समजले. हो म्हटलं. सेलूचा प्लॉट विकला. लेकीला आणि जावयाला ते पटलं नाही, पण बापाकडं पाहून लेकीनं ते मान्य केलं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी ती गाडी स्वतः चालवायची. आम्हाला दुसरं काही नको होतं.

सेलूच्या पुढं नागपूर रोडवर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचा एक डीलर बसतो. दुरून दुरून मोडक्या गाड्या आणायच्या, हाडापर्यंत सोलायच्या, नव्यासारख्या करून विकायच्या, हा त्याचा धंदा. अंगानं दांडगा, बोलायला फटकळ, अर्धी हिंदी अर्धी वऱ्हाडी. त्याच्याकडं हिरवी गाडी होती, पण नुसता सांगाडा. "काका, घाई असंल तं दुसरीकडं पाहा," म्हणाला. "मी अर्धवट माल दाराबाहेर काढत नाही." यांना तो लगेच आवडला.

त्याची एक पद्धत होती. गाडी पुरी झाली की तो स्वतः पळवून पाहायचा, पण किलोमीटर मोजणाऱ्या मीटरची वायर न जोडता. वायर सगळ्यात शेवटी जोडायची. मीटर खोलून साफ करून शून्यावर बसवलेलं असायचं, आणि त्यावरचा पहिला आकडा गाडी घेणाऱ्यानंच उठवायचा. दुसऱ्या कोणी नाही. त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरनंही नाही. "नवरीले मुंडावळ्या बांधून झाल्यावर कोणी दुसरा घेऊन जाते का?" असं म्हणून मोठ्यानं हसायचा. यांनी ते घरी येऊन मला चारदा ऐकवलं.

उन्हाळाभर आम्ही शेडवर जात राहिलो. सुट्या भागांची वाट पाहणं चाललं होतं. हे तिथं स्टुलावर बसायचे, रंगाचे हात मोजायचे, सीटच्या चामड्याचा वास घ्यायचे. घरी आले की अंगणातल्या आमच्या जुन्या छोट्या कारमध्ये जाऊन बसायचे आणि इंजिन बंद ठेवून नुसता क्लच दाबायचे. त्या पेडलचा कर्र, कर्र आवाज मला स्वयंपाकघरात यायचा. भाजी चिरता चिरता मी तो ऐकत राहायची. आवाज येतोय म्हणजे पाय चालतोय. माझा जीव त्या आवाजावर लटकला होता म्हणा ना.

गणपती उठले आणि डीलरचा फोन आला. गाडी तयार. मी तर उड्याच मारल्या. म्हटलं, "चला, उद्याच जाऊ."

हे म्हणाले, "पितरं बसून राह्यले आता. पितरात गाडी घ्याची नाई. दसऱ्याले घेऊ."

हा माणूस! जन्मात कधी पत्रिका पाहिली नाही, आमचं लग्न गोरज मुहूर्त चुकवून लावलं म्हणून अख्खी वरात नाराज, सत्यनारायणाला प्रसादापुरता हजर. आणि आता याला पितरं दिसायला लागली?

"काऊन?" मी भडकले. "सारा जन्म देवाले हात नाई जोडला, अन् आता पितरं आठवले? एक एक दिवस जाऊन राह्यला, समजते का तुम्हाले?"

"माझ्या मायले चाललं नसतं," इतकंच म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला. सासूबाईंचं नाव मधे आणलं. आदळआपट करून आत गेले.

त्या दिवसांत अंगणातून पेडलचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, रागावले असतील माझ्यावर.

दसऱ्याच्या दिवशी लेक सकाळीच हिंगणघाटहून आली. यांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले होते, नवा शर्ट घातला होता. काठी एका हातात, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. शेडमध्ये डीलरनं सगळ्या पान्या-हातोड्यांची पूजा मांडली होती, जॅकला झेंडूची माळ, वेल्डिंगच्या मशीनला कुंकू. आणि मधोमध ती. काय दिसत होती म्हणून सांगू! मलासुद्धा, जिला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, हुंदका आला.

मी ओवाळलं. नारळ फोडला. डीलरनं चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, मीटरची वायर जोडली आणि दार उघडलं. "बसा काका. फोडा लिंबं."

हे बसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. लेक मोबाईल घेऊन समोर उभी राहिली. यांनी डावा पाय पेडलवर ठेवला. नुसता ठेवला. मग गुडघ्यावर एक हात ठेवून दाबलं. मग दोन्ही हात. कपाळाची शीर वर आली. पेडल बोटभरही खाली गेलं नाही. लेकीनं मोबाईल हळूच खाली घेतला.

मला काय झालं कोण जाणे, मी डीलरवरच तुटून पडले. "इतका कडक क्लच ठेवतात का? म्हातारा माणूस चालवणार हाय, सांगितलं होतं ना तुले?"

तो एवढा फटकळ माणूस, पण खाली मान घालून म्हणाला, "माझीच गलती हाय काकू. नवी प्लेट कडक राह्यते."

"त्याले काऊन बोलून राह्यली वं?" गाडीतून हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "पाय पितरं बसायच्या आधीच गेलता. आपल्या गाडीचा क्लच बी दबत नव्हता. म्हटलं, दसऱ्यापर्यंत मालिश करून येते का पाहू. नाई आला."

म्हणजे पितरं नव्हतीच. पंचवीस दिवस हा माणूस एकटाच आपल्या पायाला विनवण्या करत होता आणि मी वर त्याच्याशी भांडत होते. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की त्या शेडमध्ये मी जोरात ओरडले, "न्यूट्रलमधे टाका!"

"काय?"

"टाका म्हणते ना! अन् गाडी चालू करा. त्याले क्लच नाई लागत."

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले. लग्नानंतर यांनी मला सायकल शिकवली होती, तेव्हा हे असेच मागं राहायचे, कॅरिअर धरून पळायचे आणि "धरलं हाय, धरलं हाय" ओरडायचे. लेक माझ्या बाजूला आली. डीलर आला, त्याचे दोन मिस्त्री आले. यांनी किल्ली फिरवली. अहाहा, काय आवाज निघाला! अख्खं जिनिंग हादरलं. उजवा पाय चांगला होता, त्यानं त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, पुन्हा दाबला, आणि आम्ही पाच जणांनी जीव खाऊन गाडी ढकलली.

फट् फट् फट् फट्. चारी लिंबं फुटली.

गाडी शेडमधून उन्हात आली. हे हॉर्न वाजवत होते. मला मागून फक्त त्यांचे नवे कापलेले केस आणि कान दिसत होते. "धरलं हाय का वं?" ते ओरडले.

"धरलं हाय, धरलं हाय!" मी ओरडले. दम लागला होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण सोडलं नाही. फाटकापर्यंत नेली. तिथं त्यांनी स्वतः ब्रेक मारला.

डीलर पळत पुढं गेला आणि मीटरमध्ये डोकं घातलं. "काका, उठला तुमचा आकडा!"

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. पूर्ण उठला नव्हता. मीटरच्या शेवटच्या चकतीवरचं शून्य अर्धं वर सरकलं होतं आणि खालून एकाचं डोकं डोकावत होतं. हे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "अर्धा झाला. बाकीचा पुढच्या दसऱ्याले काढू." आणि आपट्याची पानं सगळ्यांच्या हातावर ठेवली.

गाडी ट्रकवर चढवायच्या आधी डीलरनं न सांगता, आकडा हलू नये म्हणून, मीटरची वायर काढली. घरापुढं उतरवून झाल्यावर पुन्हा जोडली. त्या माणसाला मी ओरडले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

हिवाळ्यात त्यांचे हात गेले. मी त्यांना खुर्चीवर बसवून गाडीजवळ ठेवायची आणि फडक्यानं बॉनेट पुसायची. ते नजरेनं सांगायचे, इथं राहिलं, तिथं राहिलं. उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

आता डीलर अधूनमधून येतो, उभ्या गाडीचं इंजिन चालू करतो, तेल पाहतो, चहा पिऊन जातो. विकायचं नाव काढत नाही. लेकीला गाडी येते. या दसऱ्याला मी धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली, तशी ती म्हणाली, "आई, मी दोन फूट पुढं घेते ना. बाबाची गाडी हाय, लिंबं तं फुटू दे."

मी मीटरकडं पाहिलं आणि नाही म्हटलं. पूजा सगळी करते मी, ओवाळणं, नारळ, काही सोडत नाही. लिंबं मात्र ठेवत नाही. ठेवली की गाडी पुढं घ्यावी लागते.