दोघींच्या मापाची सीट

माझी धाकटी जाऊ माझ्या खांद्याइतकी आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. उंचीचा नव्हे, ती गाडी माझ्यापेक्षा जोरात चालवते त्याचा. गोड बोलून झाकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

लखनौच्या बाहेर एका मोकळ्या मैदानावर थंडीत मातीचा रस्ता आखतात, वळणांवर शंकू ठेवतात, आणि एकेका गाडीला घड्याळ लावून सोडतात. माझे दीर रेल्वेत इंजिनिअर. ते विकास नगरला राहतात आणि अंगणात त्यांनी एक जुनी गाडी यासाठीच पाळली आहे. आतलं सगळं काढून पुढच्या सीटांच्या मागे त्यांनी जाड लोखंडी पाइपाची कमान बसवली आहे. तिला रोल बार म्हणतात. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये, हे तिचं काम. बायकांच्या गटात आम्ही दोघी जावा तीच गाडी आळीपाळीनं चालवतो.

आता ऐका, तिला गाडी शिकवली कोणी? मी! लग्न होऊन आली तेव्हा हिला क्लच कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मी लखनौतल्याच महानगर भागातल्या आमच्या घरून स्कूटरवर जायची आणि हिला विकास नगरच्या गल्ल्यांतून फिरवायची. भाजीवाले ठेले बाजूला घ्यायचे. आणि दोन हिवाळ्यांत बाईसाहेब माझ्या पुढे! दर वेळी फलकावर तिचं नाव वर, माझं खाली. घरी परतताना गाडीत सगळे तिचं कौतुक करायचे आणि मी खिडकीतून उसाचा रस विकणाऱ्यांकडे बघत बसायची. पोटात दुखायचं, दुसरा शब्द नाही.

माझ्याकडे कारण होतं आणि ते खरं होतं. मी माहेरी साताऱ्याला असल्यापासून ताडमाड. हेल्मेट घालून बसलं की माझं डोकं त्या पाइपाला टेकायचं. खड्डा आला की टक. वळणावर टक. पाइपावर स्पंज गुंडाळलेला होता, पण आदळणार हे माहीत असलेलं डोकं आपोआप आत जातं आणि पाय ब्रेकवर येतो. मी हे घरी सांगितलं, तर माझा नवरा, जो बँकेत बसून लोकांची कर्जं नाकारतो, म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

दिरांनी मात्र ते थट्टेवारी नेलं नाही. मला हेल्मेटसकट गाडीत बसवलं, पट्टे आवळले, आणि माझं डोकं आणि पाइप यांच्यात हात घालून पाहिलं. हात जाईना. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? हा स्पंज रोज डोकं आपटायला नाही. खरोखर गाडी उलटली तर मानेचं काय होईल?"

"मग पाइप जरा कापून मागे घ्या ना," मी म्हटलं.

"त्याला हात नाही लावायचा. कापलेला बार म्हणजे नुसती शोभा. बार जागचा हलणार नाही, सीट हलेल."

मग चूक सापडली, आणि ती आमच्या घरच्या स्वभावाची होती. दोघींची सोय व्हावी म्हणून दिरांनी सीटखालचे सरकते रूळ तसेच ठेवले होते. ती बसली की सीट पुढे, मी बसले की मागे. कोणी नाराज नको! पण त्या रुळांनीच सीट उचलून धरली होती. शिवाय मागे सरकवली की सीटची पाठ बारला भिडून ताठ व्हायची, आणि माझं डोकं नेमकं पाइपाजवळ जायचं. रूळ काढून सीट जमिनीलगत पक्की बसवायची, पाठ जराशी कलती आणि बारपासून मोकळी ठेवायची, हाच उपाय होता. त्यासाठी अरुंद, एकसंध पाठीची नवी सीट हवी होती.

ती पुण्याहून रेल्वे पार्सलनं आली. चारबाग स्टेशनवरून आणायला आम्ही दोघीच गेलो. ऑटोत सीट मध्ये आणि आम्ही दोन बाजूंना. ऑटोवाल्यानं विचारलं, "मैडम, ये कैसी कुर्सी है?"

"रेस वाली है भैया. हमारी दीदी के लिए. लंबी हैं न," जाऊ म्हणाली.

ती हे अभिमानानं म्हणाली. माझा जळफळाट त्यानंच झाला. तिनं एकदा तरी कुचकं बोलावं, म्हणजे मलाही बरं पडेल, पण नाही.

अंगणात सीट उतरवल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. रूळ नाहीत म्हणजे जागा एकच. कोणाच्या मापाची? दिरांनी बायकोकडे पाहिलं. मी मुद्दाम तुळशीकडे.

जाऊ लखनौतच वाढलेली, तिचं मराठी हिंदीच्या कडेनं चालतं. ती म्हणाली, "अरे, ताईंच्या मापाची लावा ना! माझ्या पाठीमागे कुछ भर देना. छोट्या माणसाला भर घालता येते, लंबे को काटोगे क्या?"

मी वरवर "छे छे, असं कसं" केलं. आतून उकळ्या फुटत होत्या. आता बसेल ही पाठीला लोड लावून, असं मनात आलं आणि फार छान वाटलं. उदार होऊन मी घरून सोफ्याची उशी आणायची तयारी दाखवली. दिरांनी ती झटकली. "उशी दबते, वहिनी. धक्का बसला की दबणार आणि पट्टा ढिला होणार." त्यांनी तिच्या पाठीच्या आकाराचा कडक फोम कापला आणि तो सीटमध्ये घट्ट बसवला.

माझ्या मापाची सीट बसवायचं काम मोठं होतं. गाडीच्या पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून येऊ नयेत म्हणून खाली रुंद पोलादी पट्ट्या लावल्या. सीट खाली गेली, तेव्हा खांद्यावरचे पट्टे मागे सरळ जातात की नाही, ते दिरांनी पुन्हापुन्हा तपासलं. शेवटी मला बसवलं. हेल्मेट आणि बार यांच्यात त्यांची चार बोटं आरामात गेली. मी डोकं मागे टाकून पाहिलं, कुठेच लागेना. आता बघतेच हिला, असं मी अगदी शब्दांत मनाशी म्हटलं.

मैदानावर सकाळी धुकं होतं. ते उठल्यावर आधी माझी पाळी आली. काय सांगू! पहिल्या खड्ड्यावर सवयीनं मान आखडली, पण टक झालंच नाही. मग मी मान सोडली आणि पाय दाबला. शेवटच्या वळणावर इतकी वर्षं मी ब्रेक मारत आले होते, तिथे ब्रेक न लावता नुसती गती कमी केली. फलकावर आकडा लागला, तेव्हा माझा नवरा चक्क टाळ्या वाजवत होता. जावेच्या आजवरच्या सगळ्या वेळांपेक्षा माझी वेळ चांगली होती. मी तिला मिठी मारली, कारण आता परवडत होतं.

मग तिनं फोम बसवला, पट्टे आवळले आणि गेली.

मी दोरीशी उभं राहून पाहत होते. पहिल्या वळणाला तिची गाडी आडवी झाली आणि लगेच सरळ झाली. शेवटच्या वळणावर तिनं गतीसुद्धा कमी केली नाही. नवी सीट तिलाही घट्ट धरत होती, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आमच्यातलं अंतर पूर्वी होतं त्याहून वाढलं.

हेल्मेट काढून ती फलकाकडे न बघता तडक माझ्याकडे धावत आली. केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत खरी काळजी.

"ताई, डोकं तर नाही ना लागलं आज?"

"नाही गं, कुठेच नाही लागलं," मी म्हटलं. आणि वाटलं, लागलं असतं तर किती बरं झालं असतं.