अठरा अंशांचा कोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही — पण ऐका.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नागपुरात मी आणि सुखदेव भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो. तो कुहीहून बसने यायचा. लग्न झालेलं, घरी तान्ही मुलगी. काचेवर चिकटवलेला दगड तो घासून इतका पातळ करायचा, की त्यातून खालचं छापील अक्षर वाचता यावं. माझे असले काप कडेला तुटायचे. सर त्याचा काप उजेडाला धरून वर्गभर दाखवायचे. मी मान डोलवायचो — आणि जळायचो. दुसरा शब्दच नाही त्याला.

आमच्याकडच्या काळ्या दगडात पायरॉक्झीन गटातली खनिजं असतात. दिसायला सारखी, घटक वेगळे. कॅल्शियम भरपूर असलं तर ऑगाइट, अगदी कमी असलं तर पिजनाइट. सूक्ष्मदर्शकाखाली एक कोन मोजून ती ओळखायची. ऑगाइटचा पंचेचाळीस अंशांच्या आसपास, पिजनाइटचा तिसाच्या आत. सरांना मोतीबिंदू होता, म्हणून त्यांचा नियम — एकाने मोजलेला कोन दुसऱ्याने मोजल्याशिवाय पक्का धरायचा नाही.

सुखदेवला एका टेकडीवरच्या दगडाच्या कापात पिजनाइट सापडलं. त्या टेकडीवर ते आधी कुणी नोंदवलं नव्हतं. संशोधनाची जागा एकच होती. कोन खरा निघाला तर ती त्याची, असं सर म्हणाले होते. आणि दुसरा मोजणारा कोण? मी.

मोजला का मी? मोजला ना. तीनदा मोजला. तिन्ही वेळा अठराच्या आसपास आला. मग सरांपुढे जाऊन मी म्हणालो, सत्तेचाळीस, ऑगाइटच आहे.

सुखदेव भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू मोजलं म्हणजे बराबरच असन गा. माह्याच पाहण्यात चूक झाली." वहीतला आकडा त्याने स्वतःच खोडला. सदर भागातल्या एका डॉक्टरकडून डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तेव्हा त्याची खात्रीच पटली, की आपल्यात हे काम करायची कुवत नाही.

जागा मला मिळाली. तो कामठीच्या एका शाळेत मास्तर झाला. आता तरी माझं जळणं थांबावं की नाही? नाही थांबलं. त्याचे काप विभागाच्या कपाटात होते. ते दिसले की मी कपाटाचं दार लावून टाकायचो. पंधरा वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, मी तोच काप काढला, नवा म्हणून दाखवला आणि त्या टेकडीवरच्या पिजनाइटवर लेख छापला. माझ्या नावावर.

सुखदेवला वाटलं, मला ते दुसऱ्याच दगडात सापडलं; तो पेढे घेऊन घरी आला. खरंच आनंदला होता तो, आणि मला त्याचाही हेवा वाटला — असं मन माझ्याकडे का नाही? मुलीचं विचारलं, तर म्हणाला, हुशार आहे, मॅट्रिकला चांगले मार्क पडले. मग म्हणाला, "पण सायन्स नाही घेऊ देत मी तिले. आमच्या घरात ते नजरच नाही गा."

तेव्हा तरी बोलायचं. तो समोर बसला होता, मुलीचा प्रवेश अजून व्हायचा होता.

मी पेढा उचलला आणि म्हणालो, "बरोबर करतोयस."