सखुबाईचे वीस रुपये

सखुबाईशी भाव करणं हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. जोगेश्वरीच्या मासळी बाजारात ती तीस वर्षं बसली. पहिल्या बोलीला मासे घेऊन जाणारं गिऱ्हाईक तिला आवडतच नसे. माझी आई मालवणकडची, तीही काही कमी नव्हती. सखुबाई पाचशे सांगायची, आई दोनशे म्हणायची. मग सखुबाई तोंड फिरवून शेजारच्या शेवंतीशी बोलायला लागायची आणि आई चार पावलं पुढे जायची. शेवटी दोघींपैकी एक हाक मारायची आणि साडेतीनशेला सौदा व्हायचा. पिशवी धरून मी हे लहानपणापासून पाहत आलो. हे मुद्दाम आधीच सांगतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला उरणार नाही.

सखुबाई वेसाव्याची कोळीण. नवरा लहू होडीवर जायचा, तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगा कृणाल चौथीत होता. तिनं एकटीनं त्याला वाढवलं, शिकवलं, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागलेलं पाहिलं. बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण गिऱ्हाईक बाई पोटुशी दिसली, की पिशवीत दोन बोंबील जास्त पडायचे, आणि त्या बाईनं आभार मानले तर तिलाच चार शब्द ऐकावे लागायचे. साखरेचा आजार जडून पंधरा वर्षं झाली होती. दिवसभर पाय माशांच्या पाण्यात. पायातली जाण हळूहळू गेली आणि ते तिलाही कळलं नाही. एकदा शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसला, तो घरी चप्पल काढल्यावर रक्त दिसलं तेव्हा समजला. मग जखमेवर हळद, वर प्लास्टिकची पिशवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार.

मी अंधेरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कारकुनी करायचो. वडिलांची मिल बंद पडल्यावर घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला मीच, त्यामुळे डोकं जरा हवेत होतं. साहेबांनी मला आरोग्य अर्थशास्त्राच्या सहा महिन्यांच्या कोर्सला पाठवलं. शनिवार-रविवार वर्ग. औषधांचा बाजार कसा चालतो, विमा कुणाला परवडतो, माणूस उपचारासाठी किती पैसे मोजायला तयार असतो, हे सगळं मी तावातावानं शिकलो आणि घरी आईला ऐकवलं. आई म्हणायची, "माका नको सांगू, बांगडे थंड होतत."

कोर्सच्या शेवटी प्रकल्प होता. आमच्या ट्रस्टच्या जोगेश्वरीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथे साखरवाल्यांच्या पायाच्या जखमांचा दवाखाना काढायचा विचार होता. लोक एका खेपेला किती फी देतील, ते मी विचारून आणायचं होतं. दीडशे निघाले असते तर दवाखाना तगला असता. मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन थेट आमच्या मासळी बाजारात गेलो. पायाच्या जखमा तिथे होत्या आणि माणसं ओळखीची होती.

सखुबाईला विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वीस." फॉर्मच्या नियमानुसार मी आकडा वाढवत गेलो. पन्नास? नाय. शंभर? नाय. मग तिनं तोंड फिरवलं आणि शेवंतीशी बोलायला लागली. बाजूच्या सहाजणींनी तिच्याकडे पाहिलं आणि एकामागून एक वीसच सांगितले.

हीच बाई साखरेच्या गोळ्यांसाठी खाजगी डॉक्टरला तीनशे रुपये देऊन यायची, हे मला ठाऊक होतं. ती भाव करत होती. मी काही विकायला आलो नाही, खरं काय परवडेल ते सांग, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण उत्तर देणाऱ्याला आपण काही सुचवायचं नाही असं शिकवलेलं होतं, ऊन चढलं होतं, मला अजून साठ फॉर्म भरायचे होते. मी वीस लिहिलं आणि उठलो; पुढे बाजारभर तोच आकडा मिळत गेला.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. प्रकल्प मांडला त्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या नमिता मॅडमनी सरळ विचारलं, की या बायकांचा आकडा इतका एकसारखा कसा, त्या खरं बोलल्या असं तुला वाटतं का? माझा आलेख पडद्यावर झकास दिसत होता. वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, हो मॅडम, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. माझ्या ओळखीचा मी असा उपयोग केला. मला पहिला नंबर मिळाला. अहवाल ट्रस्टकडे गेला, मागणी नाही असा निकाल लागला, आणि त्या खोल्यांत कंपन्यांच्या लोकांची आरोग्यतपासणी सुरू झाली. मला बढती मिळाली. पेढे मी बाजारातही वाटले, याची आज शरम वाटते.

दोन वर्षांनी सखुबाईच्या जागेवर तिची सून वनमाला बसलेली दिसली. सासूचा पाय गुडघ्याखाली कापला, असं तिनं सांगितलं. जखम चिघळत गेली, वेळेवर कुणी पाहिलीच नाही. आठवडाभर मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं. मग वेसाव्याला गेलो.

सखुबाई पलंगावर बसली होती. अंगानं निम्मी झाली होती. मला पाहून तिनं वनमालाला चहा टाकायला सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलायला लागली. दवाखाना कोळणींच्या वीस रुपयांपायी गेला, हे तिला माझ्या आईकडून कळलं होतं.

"माजीच चूक झाली रे पोरा," ती म्हणाली. "मना वाटलं, पयल्यांदी वीस बोलावं, मग तू हाक मारशील. दीडशेला ठरलं असतं तं सगल्यांचं काम झालं असतं. त्या सहाजणी माज्या तोंडाकडं बगून बोलल्या. आता भेटाया येतात तं मी त्यांच्या पाया पडतंय."

ती पाया पडत होती. ज्या बाईनं तीस वर्षांत कुणाला सॉरी म्हटलं नव्हतं, ती माझ्या पापासाठी सहाजणींची माफी मागत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी गप्प राहिलो असतो तरी जगात कुणाला काही कळलं नसतं.

मी सांगितलं. ती भाव करतेय हे मला त्याच क्षणी कळलं होतं, मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, सगळं सांगितलं. सांगताना रडलो. तिनं शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट पाहत होतो. तिच्याकडे शिव्यांचा साठा मोठा होता, आणि त्या मला हव्या होत्या.

तिनं एकही दिली नाही. चहा माझ्याकडे सरकवला.

"मना सांगून काय उपेग," ती म्हणाली. "माजा पाय तं गेला. शेवंतीच्या टाचेला भोक पडलंय दोन महिने झाले, ती कोनाला दाखवत नाय. तिचा पाय हाय अजून. तिच्याकडं जा."

चहा तसाच ठेवून मी निघालो. बाजारात पोचलो तेव्हा शेवंती पाण्यात पाय ठेवून सुरमई कापत होती. मला पाहून तिनं भाव सांगायला तोंड उघडलं. मी तिच्यासमोर त्या ओल्या फरशीवर बसलो आणि म्हणालो, "मावशी, आधी पाय दाखव."