अकराजण आत राहिले

पंचेचाळीस मिनिटं झाली, तेव्हा अकराजण अजून कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअरवर बसलेले होते. मी स्टॉपवॉच बंद केलं.

२००५ साल. वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियरच्या खालच्या खोऱ्यातलं हे नर्सिंग होम. त्यांना नवी विंग बांधायची होती. इव्हॅक्युएशन प्लॅनचं काम आमच्या इंजिनिअरिंग फर्मकडे आलं आणि फर्ममध्ये माझ्याकडे.

रेनियर हा जिवंत ज्वालामुखी. पण खोऱ्यातल्या लोकांना लाव्ह्यापेक्षा धास्ती लाहारची. लाहार म्हणजे डोंगरावरचं बर्फ, दगड आणि माती यांचा लोंढा. ओल्या काँक्रीटसारखा दाट, आणि नदीच्या पात्रातून धावत येणारा. कधी कधी उद्रेक न होताही येतो. सायरन वाजला की पाऊण तासाच्या आत उंचावर पोचायला हवं.

आमच्या कागदावर पंचवीस मिनिटं होती. खरी माणसं घेऊन ड्रिल करू, हा हट्ट माझा.

पहिली वीस मिनिटं पलंगावरून उठवण्यातच गेली. कुणाचा ऑक्सिजन, कुणाचं कॅथेटर. एका आजींना चष्मा सापडेना. व्हॅनची लिफ्ट एका वेळी एकच खुर्ची वर घेई.

रांगेत शेवटी डोरोथी होत्या. नव्वदीच्या, रिटायर्ड शिक्षिका. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे आम्ही राहिलो ना?"

"आज नुसतं ड्रिल आहे," मी म्हटलं.

"ते माहीत आहे. मी दुसरं विचारलं."

"हो. राहिलात."

त्यांनी मान हलवली आणि शेजारणीच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं.

सरावाने वेळ कमी होईल असं रिपोर्टमध्ये लिहा, असं नर्सिंग होमच्या मॅनेजरचं म्हणणं होतं. माझे बॉस मूळचे पुण्याचे. ऑफिसात सगळे त्यांना विजय म्हणत, मी मात्र काकाच म्हणायचे. त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, एक वाक्य जरा सौम्य करता येईल का.

"काका, अकराजण सौम्य कसे लिहू?"

त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. मग माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. "क्लायंट जाणार," एवढंच म्हणाले.

क्लायंट गेला. पण परमिटसाठी रिपोर्ट कौंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, पोचला होता; तो वाचून त्यांनी त्या जागेवर विंगचं परमिट नाकारलं. दोन वर्षांनी नर्सिंग होमने टेकडीवर जागा घेतली आणि चालता न येणाऱ्यांना आधी तिकडे हलवलं. डोरोथी त्यापूर्वीच गेल्या होत्या. त्याच खोऱ्यात, न्यूमोनियाने.

डोंगर आजवर शांत आहे. मी मात्र आता कुठल्याही प्लॅनमध्ये मिनिटं लिहिण्याआधी एक व्हीलचेअर स्वतः ढकलून बघते.