शटरवरची नोटीस

आमच्या शाखेच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. ओल म्हणजे नुसता डाग नव्हे, हात लावला की पोपडा हातात यायचा. विजेची वायर त्याच भिंतीतून गेलेली, त्यामुळे पंख्याचं बटण दाबायच्या आधी कॅशियरसाहेब पायात चप्पल आहे ना ते बघायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे. तिकोणा पेठेच्या बाजूची ही बँकेची लहानशी शाखा. मॅनेजर मॅडम, कॅशियरसाहेब आणि मी शिपाई, तोही कंत्राटावरचा. माझं गाव नांदेडकडं. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. इतक्या लांब येऊन पंख्याखाली बसायची नोकरी मिळाली, याचं मला रोज नव्यानं बरं वाटायचं, आणि ती जाईल की काय याची भीतीही रोज नव्यानं वाटायची.

त्या भीतीपायी मी कधी रजा मागितली नव्हती. रजा मागायची आणि आपल्या जागी दुसरा माणूस बसलेला बघायचा, असं माझ्या मनानंच ठरवलेलं. मॅडमनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्य कार्यालयाकडून मंजुरी आली. भिंतीच्या आणि वायरिंगच्या कामासाठी सोमवार ते गुरुवार शाखा बंद ठेवायची. मी ते ऐकलं आणि चहाचे कप तसेच हातात धरून उभा राहिलो. कारण सासुरवाडीला माझ्या लेकीचं बारसं त्याच आठवड्यातल्या बुधवारी ठरलं होतं. लेक सव्वा महिन्याची झाली होती आणि मी तिला फक्त फोनवर बघितलं होतं. आता न मागता चार दिवस मिळत होते. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "खरं यायलाव का? का मागच्यावाणी सांगायलाव नुसतं?"

"खरं. बँकच बंद हाय," मी म्हणालो.

"माझ्या लेकीसाठी बँक बंद केली म्हणा की!"

पण बँक अशी मनात आलं म्हणून बंद ठेवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी नीट समजावलं. शाखेची वेळ बदलायची असो की चार दिवस कुलूप लावायचं असो, लोकांना ते पुरेसं आधी कळलं पाहिजे. त्यांना वाचता येईल अशा भाषेत, त्यांच्या नजरेला पडेल अशा जागी. का बंद, कधीपासून कधीपर्यंत, आणि तोवर जवळची कुठली शाखा उघडी, हे सगळं त्यात पाहिजे. त्यांनी आधी लिहिलं होतं, "अपरिहार्य कारणास्तव." मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी अपरिहार्यपाशी दोनदा अडखळलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे, भिंतीला ओल आली आहे असंच लिहू. ओल सगळ्यांना कळते."

आतल्या फळ्यावर लावायची म्हटलं तर फळा त्याच भिंतीवर, फुगून भाकरीसारखा झालेला. पिन टोचली की पिन खाली. मग तिघांनी मिळून ठरवलं, शटरवर लावू. संध्याकाळी शटर खाली ओढलं आणि मी चांगली खळ करून, चारी कोपरे दाबून नोटीस चिकटवली. मग आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहून बघत बसलो. इतकी ठसठशीत दिसत होती की कॅशियरसाहेबांनी फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवला.

समोर दूध डेअरी. डेअरीवरचे आबा दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वाचली बरं का तुमची नोटीस. कामशेतच्या शाखेत जावा म्हणता, पर टमटमचं भाडं कोन देनार?"

"आबा, तुम्ही स्वतःच्या मोटारसायकलवर जाता."

"आरं, विचाराय काय जातंय!"

सगळ्या गावाला कळलं म्हणून मी निवांत झालो. गाडीचं रिझर्व्हेशन केलं, पेठेतल्या दुकानातून लेकीला झबलं घेतलं. ते इतकं लहान होतं की दुकानदाराला मी दोनदा विचारलं, हे खरंच माणसाचं आहे का.

मग बंदच्या आधीचा गुरुवार आला. दर गुरुवारी धरणाच्या पलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाया एका टमटममध्ये बसून यायच्या. सरकारी अनुदानाला त्या 'पगार' म्हणायच्या आणि पगार असो नसो, पासबुक भरून घ्यायला हमखास यायच्या. त्यातली एक मावशी तर बाकावर माझ्याच शेजारी बसायची आणि मी जेवलो का हे विचारायची. त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "येते रं. पुढच्या गुरुवारी तुला करवंदाचं लोनचं आनते."

"पुढच्या गुरुवारी नको मावशी. बँक बंद हाय."

"बंद? कुणी सांगितलं?"

"नोटीस लावलीय की."

"कुटं?"

"कुठं म्हणजे काय, ह्या शटरव..." असं म्हणत मी दारात जाऊन हात वर केला, आणि हात तसाच राहिला. वर शटरची वळकटी. तिच्या पोटात कुठंतरी आमची नोटीस. बँक उघडी असेपर्यंत ती गुंडाळलेली, आणि बँक बंद झाली की उघडी.

मावशीनं मान वर करून नीट बघितलं. "आगं बया! नोटीस झोपवून ठेवलीया व्हय? थंडी वाजत आसंल तिला."

बाकीच्या बायांना तिनं बाहेर बोलावलं. त्या सगळ्या माना वर करून बघू लागल्या, तसे रस्त्यावरचे लोकही थांबून बघू लागले. मॅडम बाहेर आल्या. त्यांनीही वर बघितलं, आणि पहिल्यांदा त्याच खळखळून हसल्या. कॅशियरसाहेब म्हणाले, "फोटोत तर छान दिसत होती." मीही हसलो. हसता हसता मॅडमनी माना वर करून उभ्या असलेल्या बायांकडं बघितलं.

"काम पुढे ढकलावं लागेल," त्या म्हणाल्या.

कॅशियरसाहेबांना पटेना. आबांना डेअरीतून बोलावलं. आबा म्हणाले, "म्याडम, आख्ख्या गावानं वाचलीया. पहाटं दूध घालाया येतो तवा तुमचं शटर खालीच असतं. मला तर पाठ झालीया."

"तुम्ही वाचलीत आबा. ह्या वाडीवरच्या मावश्या येतात का पहाटे दूध घालायला?"

आबांनी मावशीकडं बघितलं. मावशी म्हणाली, "माझी म्हैस आटून वरीस झालं. गुरुवारी टमटम करून आले आसते, कुलूप बघून तुमच्या नावानं बोटं मोडत गेले आसते."

मॅडमनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, कंत्राटदाराला लावला. काम एक आठवडा पुढं गेलं. मी पाण्याची बाटली भरायला मागं गेलो आणि नळ उघडा सोडून उभा राहिलो. मावशी पाठोपाठ आलीच.

"तोंड का पाडलंयस? वरडल्या का तुला?"

मी नाही नाही म्हणत सगळं सांगून टाकलं. बारसं, बुधवार, झबलं. मावशीनं वाहता नळ बंद केला आणि तशीच मॅडमच्या केबिनमध्ये घुसली. काचेच्या आतून तिचे हातवारे दिसत होते. मला वाटलं, झालं, आता संपली नोकरी.

मॅडमनी आत बोलावलं. "बारसं आहे हे सांगायचं नाही का?"

"भीती वाटली."

"माझी?"

मी दारात आलेल्या कॅशियरसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "मलाही वाटते कधीकधी."

मॅडम म्हणाल्या की तिघांच्या शाखेत त्या मला बुधवारचा एकच दिवस देऊ शकतात. नाहीतर त्याच्या पुढच्या आठवड्यात बंदचे चारही दिवस माझेच. "बघ, तू ठरव." एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे लेकीला बघायचं आणि लगेच पाठ फिरवायची. मी सासूबाईंना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तारीख बदला म्हणालो असेन.

त्या म्हणाल्या, "जावईबापू, आचारी सांगितलाय, पाव्हणे सांगितलेत."

"कळवू की सगळ्यांना. अजून वेळ हाय. वेळेवर कळवलं तर कुणी रागवत नाही."

"हे कुठं शिकलाव?"

"बँकेत," मी म्हणालो. त्या हसल्या, आणि बारसं पुढच्या बुधवारवर गेलं.

नव्या नोटिसा आम्ही हौसेनं लावल्या. एक काउंटरच्या काचेवर, एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एक एसटीच्या थांब्यावर. एक मावशीनं पदराखाली धरून वाडीवर नेली. कामशेतच्या शाखेला मॅडमनी सांगून ठेवलं की बंदच्या गुरुवारी टमटम येईल, बाकडं मोकळं ठेवा.

बंदच्या आठवड्यात मी सासुरवाडीला पोचलो तर दारात माझी थोरली बहीण उभी. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, काहीतरी बिनसलंय.

"अक्का, कधी आलीस?"

"मागच्या मंगळवारी!"

तारीख बदलल्याचं सगळ्यांनी मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं होतं. अक्काचा फोन बटणांचा. मला वाटलं सासूबाई बोलल्या असतील, सासूबाईंना वाटलं मी बोललो असेन. अक्का दोन पिशव्या आणि एक पाळण्याची दोरी घेऊन आधी ठरलेल्या बारशाच्या आदल्या दिवशीच हजर झाली होती, आणि इतक्या लांबून आलीच आहे तर जाऊन परत कुठं येऊ, म्हणून आठवडाभर राहिली होती.

"कोण सांगितलं मला? कुणी सांगितलं का?" ती म्हणाली. "मी काय रिकामी बसू? रोज न्हाऊ घालायले मी, मग हाक काय म्हणून मारू? ठेवलं नाव."

आणि खरंच, घरातले सगळे, अगदी शेजारची पोरंसुद्धा लेकीला त्याच नावानं हाक मारत होती. बुधवारी पाळणा सजला, अक्का वाकली आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव तिनं अगदी गुपितासारखं लेकीच्या कानात सांगितलं. बायकांनी अक्काच्या पाठीत धपाटे घातले ते जरा जास्तच जोरात. मग सासूबाईंनी लेकीला उचलून माझ्या हातात दिलं. झबलं सैल होत होतं. मी हळूच तिच्या नावानं हाक मारली, तर तिनं ओळखीच्या आवाजासाठी मान वळवली, माझ्याकडं नाही, अक्काकडं.

"उद्याचा दिवस हायस ना?" अक्का म्हणाली. "मार हाका. शिकंल."