सतरा जणांच्या वतीने

फिलिपीन्सच्या इलोकोस भागातल्या त्या गावातून किती माणसं परदेशी गेली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती, पण त्यांतल्या सतरा जणांची मुखत्यारपत्रं मानांग प्रिस्काच्या बिस्किटांच्या डब्यात होती. प्रिस्का आग्बायानी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, सगळ्या गावाची मानांग, म्हणजे थोरली ताई. अक्षर सुबक, पाय चालते आणि तोंड बंद, म्हणजे या कामाला लागतं ते सगळं तिच्यापाशी होतं. तिने सतरा जणांसाठी पोरं शाळेत घातली, कुंपणाच्या भांडणात सरहद्दी मोजून घेतल्या, वीज कचेरीत हुज्जत घातली. बाप्तिस्म्याला येऊ न शकलेल्या अकरा धर्ममातांच्या जागी ती चर्चमध्ये बाळं हातात घेऊन उभी राहिली. बाळांनी झगा भिजवला तो प्रिस्काचा, आभार मानले गेले ते दुबईतल्या बाईंचे. नाताळात परदेशातून येणाऱ्या मोठाल्या खोक्यांतून तिच्या कष्टांची परतफेड व्हायची. घरात हाताला लावायच्या क्रीमच्या तीसेक बाटल्या साठल्या होत्या, आणि क्रीम लावायला तिला फुरसत नव्हती.

अठरावं मुखत्यारपत्र कॅनडातल्या कॅलगरीहून आलं, तिच्या मुलाचं, डेल्फिनचं. ज्या घरात ती बारा वर्षं राहत होती ते त्याच्या कमाईचं आणि त्याच्या नावावर. ते विकण्याचे सर्वाधिकार त्याने आईला दिले होते. मास्तरणीच्या सवयीने तिने चूक शोधत कागद दोनदा वाचला. एकही सापडली नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

फोनवर तो खुशीत होता. "आम्ही आता कशाला परत येतोय, आई? कुणाला द्यायचं ते तू ठरव. तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

आई कुठे राहणार, हे त्याने विचारलं नाही. छापील कागदात तसा रकानाच नव्हता.

प्रिस्काला राग आला. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या वतीने रागावत आली होती. हा राग तिचा स्वतःचा होता आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना. दोन दिवस तिने कोंबड्यांशीसुद्धा नीट बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिने डबा उघडला.

नॉर्मिता रियाधमध्ये नर्स होती. तिच्या कागदात लिहिलं होतं की गावात एक घर विकत घ्यावं आणि ती परत येईपर्यंत तिथे राखणदार ठेवावा. घर आणि माणूस, दोन्ही मानांगने निवडावेत. प्रिस्काने दोघांनाही फोन करून काय चाललंय ते सरळ सांगितलं. नॉर्मिता म्हणाली, तुमचंच घर असेल तर बघायलाच नको. डेल्फिन म्हणाला, झालं की काम.

नगरपालिकेसमोरच्या खोलीत वकील बुमांगलाग टंकयंत्र पुढ्यात घेऊन बसले होते. विकणाऱ्याच्या वतीने कोण, तर प्रिस्का. घेणाऱ्याच्या वतीने कोण, तर प्रिस्काच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोघांचं सहज जमलं का हो?"

"कुठलं? विकणारी फार अडून बसली होती," प्रिस्का म्हणाली. "जागा सोडायलाच तयार नव्हती."

दोन सह्या झाल्या. तिसरी सही राखणदाराच्या कागदावर व्हायची होती. नेमणूक नॉर्मिता परत येईपर्यंत.

"आणि ती येणार कधी?"

"पुढच्या वर्षी. वीस वर्षं झाली, पुढच्याच वर्षी येते."

राखणदाराच्या सहीच्या जागी प्रिस्काने खाली मान घालून सही केली. वकिलांनी कागद उजेडाकडे धरला.

"मानांग, इथे तुम्ही 'यांच्या वतीने' लिहिलंय. कुणाच्या वतीने?"

 प्रिस्काने पट्टी मागून घेतली, ते दोन शब्द नीट खोडले आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली. खाली फक्त प्रिस्का आग्बायानी उरली. वकिलांनी शिक्का मारला.