होशिमजोन उस्तादांचा तीन टनी जॅक

गुरुवार, २४ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी, खुजंदच्या पूर्वेकडील मोटार-दुरुस्ती आवाराच्या फाटकावर कारागीर संघाने एक कागद चिकटवला. मजकूर मी तिथेच उभा राहून उतरवून घेतला. ‘गाळा क्रमांक सातचे होशिमजोन यांनी, तीन टन क्षमतेचा नवा जॅक हाताशी असताना, लाकडी फळ्यांचा धोकादायक वापर केला व बेफिकिरीने स्वतःस इजा करून घेतली. सबब त्यांचा उस्ताद हा दर्जा काढून घेण्यात येत असून गाळा वर्षअखेरीस रिकामा करून घेण्यात येईल.’ खाली संघाच्या तीन सदस्यांच्या सह्या आहेत. चौथी सही खुद्द होशिमजोन उस्तादांची आहे. ती डाव्या हाताने केलेली आहे आणि पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखी दिसते.

‘बेफिकिरी’ हा एक शब्द वगळला तर या मजकुरात खोटे काही नाही. त्या एका शब्दासाठी मला हा माणूस तुमच्यापुढे मांडणे भाग आहे.

मी तंत्रविद्यालयात सव्वीस वर्षे यंत्ररेखन शिकवतो, म्हणून लोक मला मुअल्लिम म्हणतात. उस्तादांच्या आणि माझ्या घराची भिंत एक आहे. त्यांनी कोणत्याही विद्यालयात पाऊल ठेवले नाही, परंतु मोजमापाविषयीचा त्यांचा आदर माझ्या पदवीधर सहकाऱ्यांपैकी कोणातही मला आढळला नाही. त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे जुळवली की बरोबर आठ सेंटिमीटर होत. मी पट्टी लावून ते तपासले होते, तेव्हा ते हसून म्हणाले होते, “मुअल्लिम, तुमची पट्टी बरोबर आहे की नाही ते कळलं ना आता?”

आपल्या शहरात लग्नाच्या वरातीत ओपेल गाडी हवी आणि ती जमिनीला पोट टेकून चालायला हवी, हे कोणी ठरवले मला ठाऊक नाही. तरुण मंडळी स्प्रिंगा कापून घेतात आणि गाडी इतकी खाली बसवतात की मांजरानेही वळसा घालून जावे. अशा गाड्यांचे ब्रेक, बेअरिंग, गळके सायलेन्सर हे सगळे शेवटी सात नंबरच्या गाळ्यात येई. उस्तादांचा जुना जॅक तेल गाळू लागला होता. म्हणून यंदा फेब्रुवारीत सलग चार रविवार ते सुट्या भागांच्या बाजारात गेले. एका रविवारी मीही सोबत होतो.

विक्रेत्याने नेहमीप्रमाणे सर्वांत जाड जॅक पुढे ओढला. “उस्ताद, तीन टनी. ट्रक उचलेल.”

“माझ्याकडे ट्रक येत नाही. पोटाने सरपटणारी जनावरं येतात. खाली बसवून दाखव.”

“लोक वर किती जातो ते विचारतात. खाली किती बसतो हे विचारणारे तुम्ही पहिलेच.”

“जो गाडीखाली शिरतच नाही, तो वर जाऊन काय आकाश उचलणार आहे?”

उस्ताद उकिडवे बसले आणि त्यांनी जॅकच्या वाटीशेजारी, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या वरच्या भागाशेजारी, हात उभा धरला. जमिनीपासून वाटीपर्यंत चौदा सेंटिमीटर होते. ते उठून पुढच्या जॅककडे वळले. असे त्यांनी सात-आठ जॅक पाहिले. शेवटी एक लांबट, चपटा, दोन टनी जॅक त्यांना पसंत पडला. त्याची वाटी पूर्ण खाली बसवली असता चार बोटांत मावत होती. गाडी जिथे टेकवून उचलायची त्या, बंपरच्या आत बऱ्याच खोलवर असलेल्या आडव्या दांड्यापर्यंत पोहोचेल इतकी त्याची लांबी होती, आणि जॅकची दांडी जवळजवळ आडवी धरूनही पंप मारता येत होता. चाके लोखंडी होती. विक्रेत्याची स्वतःची गाडी त्यावर उचलून उस्ताद शेजारी चहा प्यायला बसले. दोन चहादाण्या रिकाम्या झाल्या तरी गाडी केसभरही उतरली नव्हती. “हा नवरोजपर्यंत, एकवीस मार्चपर्यंत, बाजूला ठेव,” ते म्हणाले. “त्या आधी घेऊन जातो.”

इथे माझा पहिला दोष नोंदवतो. मार्चच्या सुरुवातीला उस्तादांना साठ वर्षे पूर्ण होत होती आणि त्यांचे दहा जुने शागीर्द मिळून त्यांना जॅक भेट देणार होते. त्यातला थोरला वोहिद आता स्वतः तीन गाळ्यांचा मालक आणि संघाचा चिटणीस आहे. तो माझाही विद्यार्थी होता. त्याने मला विचारले, मी कागदावर मापे लिहून दिली आणि दुकानही सांगितले. दोन दिवसांनी तो परत आला.

“मुअल्लिम, बघून आलो. पायाखाली आलेल्या बेडकासारखा दिसतो हो तो!”

“गाडीखाली जायचं तर तसंच दिसावं लागतं.”

“पण दहा शागीर्द आणि त्यांनी मिळून हे आणलं? चाळीस माणसं जेवायला बसणार. कोणी म्हणेल, कंजूष आहेत. उस्तादांच्या इतमामाला शोभेल असं काही नको का?”

“वोहिद, इतमाम गाडीखाली शिरत नाही.”

“तुम्ही वर्गातच बरे, मुअल्लिम,” तो हसून म्हणाला, आणि मी विषय सोडून दिला.

जेवणाच्या दिवशी उस्तादांना जरीचा अंगरखा चढवला, कमरेला शेला बांधला. पुलावाची ताटे आली. मग चौघांनी मिळून तो लाल, चकचकीत, तीन टनी जॅक फीत बांधून आत आणला. टाळ्या झाल्या. फीत सरळ करण्याच्या निमित्ताने उस्ताद वाकले आणि त्यांनी वाटीशेजारी हात उभा धरला. वाटीपर्यंत पोहोचायला चार बोटे पुरली नाहीत, वर आणखी तीन बोटांची जागा उरली. ते पाहणारा मी एकटा नव्हतो. पंगतीत किमान वीस कारागीर होते आणि प्रत्येकाला त्या उरलेल्या तीन बोटांचा अर्थ कळत होता. उस्ताद ताठ झाले, छातीवर हात ठेवून आभार मानत म्हणाले, “तुमचे हात दुखू नयेत, पोरांनो.” आम्ही सर्वांनी आमीन म्हटले आणि पुलावाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून त्यांना म्हणालो, “बाजारातला तो चपटा घेऊन या. हा कोपऱ्यात ठेवा.”

“वोहिद दिवसातून चार वेळा गाळ्यावरून जातो. भेट फडक्याखाली झाकलेली दिसली तर?”

“मग दोन्ही ठेवा.”

“म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखंच झालं. राहू द्या, मुअल्लिम. फळ्या टाकून गाडी जरा चढवली की जातो जॅक आत. निभेल.”

ते आठ महिने निभले. प्रत्येक बुटक्या गाडीची पुढची चाके आधी पाच सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, मग जॅक आत ढकलायचा. वर जेमतेम बोटभर जागा उरे. बंपरमुळे आतले दिसत नसे, म्हणून वाटी दांड्याखाली आली की नाही हे हात घालून चाचपावे लागे. गाडी उचलल्यानंतर लोखंडी घोडे, म्हणजे गाडी पेलणारे टेकू, लावल्याशिवाय उस्तादांनी आयुष्यात कधी खाली डोके घातले नाही. परंतु घोडे लावायचे ते उचलल्यानंतर, आणि हात घालावा लागे तो उचलण्याआधी.

शनिवार, २९ ऑक्टोबर रोजी दुपारी वरातीची एक पांढरी ओपेल आली. पुढचे ब्रेक आवाज करत होते. मालक सारखा घड्याळ पाहत होता. उस्तादांनी नेहमीचे सगळे केले, काही वगळले नाही. आठ महिने तेल पिऊन आणि चाकांखाली दबून चिनारची डावी फळी आतून मेली होती. ती उभी चिरली, गाडी खाली बसली आणि दांडा व वाटी यांच्यामध्ये उस्तादांचा उजवा हात सापडला. शेजारच्या गाळ्यांतून अकरा जण धावले आणि त्यांनी गाडी हातांनी उचलली. डॉक्टरांना अंगठा आणि करंगळी एवढेच वाचवता आले.

संघाचे तिघे चौकशीला घरी आले, तेव्हा मी तिथे होतो. तिघांत वोहिद होता. त्याने कागद वाचून दाखवला. वाचताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

उस्तादांच्या पत्नी मुकद्दसखानम चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तबक तसेच हातात धरून विचारले, “बेफिकीर? चाळीस वर्षं गाड्यांखाली काढली या माणसानं, एक नख फुटलं नाही. तुम्ही दिलेल्या लाल डब्याचा मान राखायला हात गमावला त्यानं. वोहिद, तू सांग, तो डबा कुठल्या गाडीखाली जात होता?”

वोहिद म्हणाला, “काकू, संघाला नियमाप्रमाणे कारण लिहावं लागतं.”

“मग खरं लिही.”

“खरं म्हणजे काय? आम्ही उस्तादांना वाईट वस्तू दिली असं लिहू?”

 तेव्हा उस्तादांनीच डावा हात पुढे केला. “दे इकडे. घरात आलेल्या भेटीला मी नावं ठेवणार नाही.” त्यांनी सही केली. त्यांना नवी फळी आणायची राहिली होती, असे ते मला नंतर म्हणाले. जणू गुन्हा फळीचा होता. सही होत असताना मी गप्प बसलो. हा माझा दुसरा दोष.

आता सात नंबरच्या गाळ्याला नवा मालक मिळणार आहे. हाताने काम होत नसले तरी उस्ताद तिथे बसून शिकवू शकले असते. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा दुसरा माणूस या आवारात नाही. पण ज्याचा दर्जा काढून घेतला, त्याला शागीर्द ठेवता येत नाही. सकाळी आठ वाजता ते अजूनही कामाचे कपडे घालतात आणि अंगणात बसून राहतात.

शुक्रवार, १६ डिसेंबर रोजी नमाजानंतर दोन वाजता संघाची सर्वसाधारण सभा आहे. उस्ताद तिथे बोलणार नाहीत. मी हे लिहितो आहे हेही त्यांना आवडणार नाही. उस्तादांच्या साठीच्या पंगतीला बसलेले तुम्ही चाळीस जण हे वाचत आहात. त्यांचा हात वाटीशेजारी उभा राहिलेला तुम्ही पाहिला आहे. फळी चिरल्यावर धावलेले तुम्ही अकरा जणही वाचत आहात. सभेला या, उभे राहा, आणि तो जॅक खाली किती बसत होता व त्या गाडीखाली किती जागा होती, हे दोन आकडे आपल्या नावानिशी नोंदवून घ्या. मी माझे नाव आधीच दिले आहे. तुम्ही तुमचे द्या.